रंकाळ्याच्या फेरीत नकाशावर पाण्यातून रेघ येते? नवा बँड घेण्याआधी हे बघा

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापुरात रंकाळा तळ्याभोवती चालणाऱ्या आमच्या सकाळच्या ग्रुपात एक वहिनी नव्यानं यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी फेरी संपल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "भावजी, मी काय आज रंकाळा पोहून आलो काय? बघा की." शालिनी पॅलेसजवळ सुटलेली निळी रेघ थेट पाण्यावरून पद्माराजे उद्यानाला टेकली होती. मनगटावरच्या फिटनेस बँडवरचं अंतर बरोबरच्या मैत्रिणीपेक्षा दीड किलोमीटर कमी. दोघी शेवटपर्यंत गप्पा मारत बरोबरीनं चालल्या होत्या, म्हणजे वादाला जागाच नाही.

ग्रुपातला फोनवाला मी, त्यामुळं ही तक्रार माझ्याकडंच येते. तीसेक फोन तरी हातातून गेले असतील. त्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर बँड खराब ठरवून नव्या बँडची किंमतही काढलेली असते. बँड खराब निघालेला मला दोनदाच सापडलाय.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं, ते आधी ठरवा. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे वर सांगितलेली सरळ रेघ. रस्ता वळतो, रेघ वळत नाही. मधला तुकडा गायब असतो आणि ॲपनं दोन टोकं पट्टी लावून जोडलेली असतात. अंतर नेहमी कमीच येतं.

दुसरं, नकाशाच येत नाही. वेळ, पावलं, ठोके सगळं नोंदलेलं असतं, अंतरही असतं, पण रस्त्याचं चित्र नाही. अशा वेळी ते अंतर पावलांवरून काढलेलं असतं.

तिसरं, सुरुवातीचे चार-पाचशे मीटर नोंदलेच जात नाहीत, किंवा रेघ दोन गल्ल्या पलीकडून सुरू होते.

चौथं, रेघ दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते. कधी घरांच्या छपरांवरून, कधी रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून. इथं अंतर बहुधा जास्त येतं.

आणि पाचवं, सगळं नीट आहे, फक्त शेजाऱ्यापेक्षा पन्नास-साठ मीटर इकडंतिकडं. हे दुखणं नाही, तेव्हा पाचवेवाल्यांनी पुढं वाचायचं कष्ट घेऊ नयेत.

बँड मोजत नाही, फोन मोजतो

बऱ्याच बँडांत जीपीएसची चिपच नसते. खोक्यावर 'कनेक्टेड जीपीएस' लिहिलेलं असतं आणि आपण त्यातलं जीपीएस एवढंच वाचतो. त्याचा अर्थ असा की जागा फोन शोधणार, ब्लूटूथवरून बँडला किंवा ॲपला कळवणार आणि बँड त्यात ठोके नि पावलं जोडणार. म्हणजे उपग्रह, फोन, ॲप आणि बँड अशी चौघांची साखळी आहे. फोन घरी ठेवून असा बँड घालून गेलात तर नकाशा येणारच नाही, मग तो कितीचाही असो. एका काकांना हे सांगायला मला तीन सकाळी लागल्या.

रंकाळ्याचा एक फायदा इथं होतो. तळ्याच्या कडेनं आभाळ मोकळं आहे, एका बाजूला तर नुसतं पाणी. उपग्रह दिसायला याहून चांगली जागा शहरात मिळायची नाही. त्यामुळं रंकाळ्यावर रेघ तुटत असेल तर मी उपग्रहांचा विचारच करत नाही. फोन झोपला, असं धरून सुरुवात करतो. हेच जर महाद्वार रोडला किंवा गुजरीच्या बोळात झालं असतं, तर निदान वेगळं असतं.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, डोकेदुखीच्या नंतर. क्रम मोडू नका. थेट रिसेट मारून मोकळे झालेल्यांचे जुने आकडे गेले आणि दुखणं मात्र तिथंच राहिलं, हे बघितलंय.

१. सुरू करण्याआधी एक मिनिट उघड्यावर उभं राहा

घराच्या जिन्यातच 'स्टार्ट' दाबायची सवय असेल तर तिसरं लक्षण तुमचंच. जागा ठरवायला फोनला किमान ४ उपग्रहांचा संदेश लागतो. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ते स्वतः नेमके कुठं आहेत ही माहिती सेकंदाला अवघे ५० बिट या वेगानं खाली पाठवतात. एका उपग्रहाची ती माहिती पूर्ण यायला ३० सेकंद जातात. मोबाइल डेटा चालू असेल तर फोन ही माहिती इंटरनेटवरून आधीच उचलतो आणि काम काही सेकंदांत होतं. डेटा बंद ठेवून चालणाऱ्यांचंही जीपीएस चालतं, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. म्हणून चौपाटीवर आल्यावर बुटाची नाडी बांधून घ्या, बँडवर जीपीएसची खूण स्थिर झाली की मगच सुरू करा.

पावसाळ्यात हमखास ऐकू येतं, "ढग आलेत, जीपीएस कसलं लागतंय." ढगांचा आणि पावसाचा या लहरींवर नावापुरताच परिणाम होतो. ओल्या झाडांच्या दाट फांद्यांचा मात्र होतो, आणि भिंतींचा तर होतोच.

२. फोन कुठं ठेवलाय?

बँड डाव्या मनगटाला आणि फोन उजव्या मागच्या खिशात, म्हणजे मध्ये आख्खा माणूस. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. फोन बँडच्याच बाजूच्या पुढच्या खिशात, नाहीतर दंडाच्या पट्ट्यात ठेवा. एका दिवसात फरक पडतो की नाही ते कळतं. धातूचं कव्हर असेल तर चार दिवस काढून बघा. पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर बिघडत नाही. फोनशेजारी स्टीलची बाटली असेल तर ती दुसरीकडं ठेवा.

३. बॅटरी सेव्हर बंद

सकाळी निघताना २० टक्के बॅटरी, म्हणून आपोआप बॅटरी सेव्हर चालू. काही अँड्रॉइड फोनांत या मोडमध्ये पडदा बंद झाला की लोकेशनच बंद होतं. आयफोनवरही लो पॉवर मोड ॲपची पाठीमागची कामं कमी करतो. रात्री चार्ज करून ठेवा, एवढाच उपाय.

४. परवानग्या

सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथं तुमच्या बँडचं ॲप, त्यात परमिशन्स, मग लोकेशन. इथं दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, 'अलाऊ ऑल द टाइम' निवडलेलं असावं. 'व्हाइल यूजिंग' निवडलेलं असलं तर पडदा बंद झाल्यावर काही ॲपांचा हात बांधला जातो. आयफोनवर हाच पर्याय 'ऑलवेज' नावानं आहे.

दुसरी, त्याच पानावर खाली 'यूज प्रिसाइज लोकेशन' चालू असावं. आयफोनवर हे बटण २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून आलं. अँड्रॉइडवर ते बंद असेल तर ॲपला तुमची जागा साधारण ३ चौरस किलोमीटरच्या अंदाजानं सांगितली जाते. त्यात आख्खा रंकाळा आणि वर शेजारची वस्ती बसते. असल्या अंदाजावर ॲपनं रेघ काढायची कशी? नकाशाच न येणाऱ्यांनी आधी हेच बघावं. पहिल्यांदा ॲप उघडताना घाईत भलतंच दाबलं गेलेलं असतं.

५. ॲपला झोपू देऊ नका

सरळ रेघवाल्यांनी इथं नीट थांबावं. माझ्या हिशोबानं दहातले सात फोन इथंच बरे होतात.

२०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून नियम असा आहे की पाठीमागं पडलेल्या ॲपला तासाभरात मोजक्याच वेळा जागा कळवायची. बॅटरी वाचावी म्हणून केलेला हा नियम रास्तच आहे. व्यायामाचं ॲप यातून सुटतं ते वरच्या पट्टीत 'व्यायाम चालू आहे' अशी सूचना लावून. मी जागा आहे, काम करतोय, असं ते फोनला सांगत राहतं. पण बऱ्याच फोन कंपन्या या नियमावर आपला आणखी एक पहारेकरी बसवतात. तो काही मिनिटांनी येतो, पडदा बंद दिसला की ॲपचा गळा धरतो. तिथून पुढं तुम्ही कितीही चाला, ॲपला काही कळत नाही. पुढं कधीतरी तुम्ही वेळ बघायला पडदा उघडता, ॲप दचकून उठतं, नवी जागा घेतं आणि मधलं अंतर रेघ मारून भरतं. वहिनींनी पद्माराजे उद्यानाजवळ घरी फोन लावला होता. रेघ बरोबर तिथंच टेकली होती.

उपाय असा. ॲपच्या पानावर 'बॅटरी' उघडा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनांत हेच 'डोंट ऑप्टिमाइझ' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' नावानं असतं. 'ऑटोस्टार्ट' नावाचं बटण वेगळं असेल तर तेही चालू करा. मग अलीकडं वापरलेल्या ॲपांची यादी उघडून बँडच्या ॲपला कुलूप लावायची सोय असेल तर लावा. आणि रॅम मोकळी करणारं, फोनचा वेग वाढवणारं कुठलंही ॲप असेल तर ते काढून टाका. त्याच्याइतकं निरुपयोगी काही मी बघितलेलं नाही.

आयफोनवाल्यांना वेगळी खोड असते. ॲप वर सरकवून बंद करायची. केर काढल्यासारखं दर दहा मिनिटांनी सगळं झाडून टाकायचं. तसं सरकवलेलं ॲप तुम्ही परत उघडेपर्यंत पाठीमागं काम करत नाही. व्यायाम चालू असताना त्याला हात लावू नका.

तपासायची युक्ती सांगतो. व्यायाम सुरू करा, पडदा बंद करा, दहा मिनिटं फोनला हात लावू नका. मग वरची पट्टी खाली ओढा. 'व्यायाम चालू आहे' ही सूचना जागेवर असेल तर ॲप जिवंत आहे. नसेल तर चोर सापडला.

६. दोन मालकांचा बँड

जुना फोन मुलाला दिला, त्यात बँडचं ॲप तसंच राहिलं. सकाळी घरातून निघेपर्यंत बँड त्या जुन्या फोनला चिकटून असतो, गल्लीच्या तोंडाशी सुटतो आणि मग नव्याला शोधत बसतो. जुन्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून बँड पुसून टाका. तसंच बँडचं ॲप आणि स्ट्राव्हासारखं दुसरं ॲप, दोन्हींत एकाच वेळी 'स्टार्ट' दाबू नका. एकात नोंदवा, दुसऱ्यात जोडणीनं पाठवा. नाहीतर एकच फेरी दोनदा मोजली जाते आणि महिन्याचा आकडा बघून माणूस हुरळतो.

७. नुसत्या फोनवर एक फेरी

इथपर्यंत जमलं नसेल तर आता साखळी तोडून बघायची. बँड घरी ठेवा. फोनवर कुठलंही व्यायाम नोंदणारं ॲप घ्या, त्याला वरच्या सगळ्या परवानग्या द्या आणि रंकाळ्याची तीच फेरी मारा.

रेघ कडेकडेनं नीट आली, तर फोनचं जीपीएस ठणठणीत आहे. दोष ब्लूटूथमध्ये किंवा बँडच्या ॲपमध्ये. नवव्या तपासणीवर जा.

याही वेळी तुटली किंवा झोकांड्या खाल्ल्या, तर बँडचा काही गुन्हा नाही. मॅप्स उघडा, मोकळ्यावर दोन मिनिटं थांबा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघा. ते आक्रसून ठिपक्याच्या जवळ आलं पाहिजे. मोकळ्या मैदानातही ते मोठंच राहत असेल तर फोनच्या अँटेनाकडं संशय जातो. त्याचं शेवटी बोलतो.

८. झोकांड्या आणि जास्तीचं अंतर

यात बिघाड कमी, स्वभाव जास्त. मोकळ्या आभाळाखाली साधा स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. चालताना आपण एका सेकंदात दीड मीटरच पुढं जातो. म्हणजे चूक पावलाहून मोठी. म्हणून पळणाऱ्यापेक्षा रमतगमत चालणाऱ्याची रेघ जास्त वाकडी दिसते.

महाद्वार रोड, गुजरी, शुक्रवार पेठेतल्या अरुंद गल्ल्यांत लहरी भिंतींवर आपटून फोनपर्यंत येतात. लांबून फिरून आलेल्या लहरीला उशीर होतो आणि फोन समजतो की आपण लांब आहोत. उशीर केवढा? सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर जागा ३०० मीटर चुकते, इतकं हे नाजूक काम. सेटिंगनं ते सुटणार नाही. नवा फोन घेणारच असाल तर एल-५ या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकणारा घ्या, गल्लीबोळात तो थोडा बरा. फक्त यासाठी फोन बदलायला मी तरी सांगणार नाही.

फेरी झाल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायची ज्यांची रीत आहे, त्यांनी 'पॉज' दाबा किंवा 'ऑटो पॉज' चालू ठेवा. एकाचा नकाशा मी मोठा करून बघितला होता. कट्ट्याच्या जागी रेघेचा असा गुंता होता की जणू मांजरानं लोकरीचा गुंडा सोडलाय. गडी पेला हातात घेऊन उभा होता, ठिपका आजूबाजूला नाचत होता आणि प्रत्येक नाच अंतरात धरला जात होता.

पन्हाळ्याला किंवा जोतिबाला चढून जाणाऱ्यांना उलटा अनुभव येतो. वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. चढाईचा आकडा तर विचारूच नका. जीपीएस आडव्या जागेपेक्षा उंची जास्त चुकवतं. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर तुमच्या घड्याळात किंवा फोनमध्ये नसेल तर त्या आकड्यावर पैज लावू नका.

ज्यांच्याकडं नकाशा येत नाही पण अंतर येतं, त्यांनी ॲपमध्ये स्वतःची उंची आणि पावलाची लांबी बघावी. घरातल्या दुसऱ्याच कुणाची उंची भरलेली निघते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनमधून एक फेरी चाला, पावलं मोजा, ४०० ला पावलांनी भागा. झाली पावलाची लांबी. जीपीएसची परीक्षा मात्र ट्रॅकवर घेऊ नका, सततच्या वळणांत ते चुकतंच. त्यासाठी सरळ रस्त्यावरचे किलोमीटरचे दोन दगड बरे.

९. अपडेट, मग पुन्हा जोडणी

आधी सिंक करा, सगळे आकडे ॲपमध्ये आल्याची खात्री करा. मग ॲपचं आणि बँडचं अपडेट. दोन्ही बंद करून चालू. तरी नाही, तर ॲपमधून बँड काढा, फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही पुसा आणि नव्यानं जोडा. फक्त यादीतून पुसून भागत नाही, ॲपला तो आपलाच वाटत राहतो. ब्लूटूथच्या यादीतून थेट जोडू नका, ॲपमधूनच जोडा.

यानंतर फोनचं नेटवर्क सेटिंग रिसेट. त्यात वायफायचे पासवर्ड आणि बाकीच्या ब्लूटूथ जोडण्या जातात, तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. बँडचा फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी. सिंक न झालेलं त्यातून परत मिळत नाही.

इथं थांबा

पुढची कामं घरची नाहीत.

फोन पडलाय, भिजलाय किंवा अलीकडं पडदा नाहीतर पाठ बदललीय आणि तेव्हापासून मोकळ्यावरही जागा सापडत नाही, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. माझ्याच जुन्या फोनचा पडदा एका दुकानात बदलला होता. घरी आलो तर जीपीएस मेलेलं. आत अँटेनाला टेकणारा बारीक पत्रा नीट बसवला नव्हता. दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली, पण पाठ उघडायला हत्यारं आणि हात दोन्ही लागतात. व्हिडिओ बघून हेअर ड्रायरनं पाठ सोडवायला बसू नका. खाली बॅटरी असते.

फोन टेबलावर ठेवल्यावर डुलतो, पडदा कडेनं उचललाय, बँडची काच फुगून वर आलीय, ही बॅटरी फुगल्याची चिन्हं. चार्जिंग त्याच क्षणी बंद. दाबून बसवू नका, टोचू नका. थेट दुरुस्तीवाल्याकडं.

पावसात भिजलेला बँड पिना पुसून पूर्ण वाळल्याशिवाय चार्जरला लावू नका. पिना हिरव्या-काळ्या पडून जोडणीच होत नसेल आणि वॉरंटी असेल तर घासत बसण्यापेक्षा बदलून मागा.

आणि ठोक्यांचा आकडा विचित्र दिसला तर पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बांधून बघा, एवढंच मी सांगू शकतो. छातीत दुखतंय, चक्कर येतीय, दम नेहमीपेक्षा जास्त लागतोय, तर बँड काय दाखवतोय ते बघत बसू नका. चालणं थांबवा आणि डॉक्टर गाठा. बँडवर आकडा बरोबर दिसतोय म्हणून डॉक्टरकडं जायचं टाळू नका.

वहिनींच्या फोनला पाचवी तपासणी पुरली. दुसऱ्या दिवशी रेघ तळ्याला वळसा घालून आली. आता दोघी मैत्रिणींच्या अंतरात रोज चाळीसेक मीटरचा फरक पडतो आणि त्यावरून चहा होईपर्यंत वाद चालतो. तो फरक मी काढून देणार नाही, असं दोघींना सांगून टाकलंय.